आजोबांचं साखळीचं घड्याळ : जपावं कसं आणि दुरुस्त करावं किती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. सोसायटीच्या दर वर्षाला एक मिनिट, असा हिशोब त्यांनी केला असावा. विषयच घड्याळांचा असल्यामुळे वेळ पाळणं मला भाग आहे. बँकेत असताना लोकांच्या पैशांचा हिशोब ठेवला, निवृत्तीनंतर लोकांच्या घड्याळांचा ठेवतो आहे. एवढीच माझी ओळख पुरे.

आज मी मनगटी घड्याळांबद्दल बोलणार नाही, भिंतीवरच्या घड्याळांबद्दलही नाही. कोटाच्या किंवा बंडीच्या खिशात राहणारं, साखळीला लटकणारं, रोज चावी द्यावी लागणारं जे घड्याळ असतं, त्याच्याबद्दल बोलणार आहे. कारण असं की, आपल्या चार इमारतींतल्या निदान काही कपाटांमध्ये अशी घड्याळं नक्की आहेत. दिवाळीची साफसफाई निघाली, घराला रंग काढला किंवा कोणाच्या आई-वडिलांच्या पश्चात ट्रंक उघडली, की ती बाहेर येतात. मग पुढे काय होतं? एक तर ती सराफाकडे जातात, नाही तर मुलं खेळायला घेतात, नाही तर पुन्हा त्याच ट्रंकेत जातात. शंभर वर्षं टिकलेल्या वस्तूचा निर्णय आपण एका दुपारी घेऊन टाकतो. तो घ्यायच्या आधी काय बघावं, एवढंच मला सांगायचं आहे.

प्रथम ही घड्याळं आपल्याकडे आली कशी? स्वित्झर्लंडच्या घड्याळवाल्यांनी हिंदुस्थानची बाजारपेठ फार लवकर ओळखली. फाव्र-ल्यूबा या कंपनीने १८६५ मध्येच मुंबईशी व्यापार सुरू केला. ‘वेस्ट एन्ड वॉच कंपनी’ तर नावाने इंग्रजी, मालाने स्विस आणि पत्त्याने मुंबई-कलकत्त्याची. तिच्या ‘क्वीन ॲन’ आणि ‘सेकंडस’ या घड्याळांच्या डायलवर कंपनीच्या नावाखाली बॉम्बे-कलकत्ता असं छापलेलं असे. आपल्याकडच्या जुन्या घरांत जी घड्याळं निघतात, त्यांत या कंपनीची बरीच असतात.

पण त्या वेळी घड्याळ विकत घेतलं तरी एक प्रश्न उरायचाच, तो म्हणजे कुठली वेळ लावायची? मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’ लागू झाली. मुंबईची जुनी वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. मुंबईकरांनी ही सरकारी वेळ मुकाट्याने घेतली नाही. गिरण्यांमध्ये त्यावरून असंतोष झाला, आणि शहरातला ‘बॉम्बे टाइम’ पुढे स्वातंत्र्यानंतरही, १९५५ पर्यंत काही ना काही स्वरूपात चालूच राहिला. तेव्हा तुमच्या पणजोबांनी ‘दहा वाजता येतो’ असं सांगितलं, की समोरचा ‘तुमचे दहा की स्टेशनचे दहा?’ असं विचारू शकत होता. आज आपल्या मीटिंगला लोक अर्धा तास उशिरा येतात, तेही बहुधा बॉम्बे टाइमच पाळत असावेत.

सगळीच खिशातली घड्याळं श्रीमंतांची होती, हा एक गैरसमज आहे. स्वित्झर्लंडमध्ये जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोफ नावाच्या घड्याळजीने ठरवलं की कामगाराला परवडेल असं घड्याळ करायचं. त्याने भाग कमी केले, पूर्वीच्या दीडशेहून अधिक भागांचं काम ५७ भागांत बसवलं आणि १८६७ च्या सुमारास ते २० फ्रँकला विकायला काढलं. पुढे अमेरिकेत इंगरसोल कंपनीने १८९६ मध्ये एक डॉलरचं घड्याळ आणलं. डॉलर ही तिथल्या साध्या कामगाराची साधारण दिवसाची मजुरी. तेव्हा कपाटातलं घड्याळ स्वस्त निघालं तर हिरमुसू नका. कदाचित तुमच्या खापरपणजोबांनी ते वारशाने न मिळवता पगार साठवून घेतलेलं असेल. माझ्या मते त्याचा मान जास्त.

गांधीजींच्या कमरेला लटकणारं घड्याळ आपण सर्वांनी फोटोत पाहिलं आहे. वेळेच्या बाबतीत ते किती काटेकोर होते हे सांगायला नको. त्यांचं झेनिथ कंपनीचं, चांदीचं, गजराची सोय असलेलं एक घड्याळ मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघालं. त्यांचा चष्मा, चपला, ताट आणि वाटी त्याच्यासोबत होती. एवढा संसार १८ लाख डॉलरला गेला. तसलंच दुसरं झेनिथ कोणाच्या घरात असेल तर त्याला त्याच्या शंभराव्या हिश्शाचीही किंमत येणार नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण किंमत धातूची किती, यंत्राची किती आणि माणसाची किती, हा प्रश्न पुढे आपल्याला लागणार आहे.

आता रेल्वे. रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या घरात घड्याळ हमखास असतं, आणि त्याला कारण आहे. एप्रिल १८९१ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या किप्टन गावी दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. एका चालकाचं घड्याळ मध्येच चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं त्याचं कारण सांगतात. त्यानंतर वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याला रेल्वेची घड्याळं तपासायचं काम मिळालं आणि पुढे कडक नियम तयार झाले. निदान सतरा ज्वेल हवेत, आकडे ठळक हवेत, आठवड्याला तीस सेकंदांपेक्षा जास्त चूक नको, निरनिराळ्या स्थितींत ठेवून तपासलेलं हवं. आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. त्यात तीस सेकंदांची सूट. वीस हजार रुपयांच्या हिशोबात एक रुपयाची चूक चालेल, असा तो नियम! आमच्या बँकेत तीही चालत नसे, पण आमची कॅश काही चालत्या इंजिनावर उभी नव्हती.

हे यंत्र चालतं कसं, ते मी बँकेच्या भाषेत सांगतो. आपण सकाळी चावी देतो, तेव्हा आतल्या गोल डबीत पोलादाची लांब पट्टी गुंडाळली जाते. तिला मेन स्प्रिंग किंवा नुसती कमान म्हणतात. ही झाली ठेव. ही ठेव एकदम बाहेर पडली तर सगळी चाकं अर्ध्या मिनिटात गरगर फिरून संपतील. म्हणून शेवटी एक कॅशियर बसवला आहे. त्याचं नाव एस्केपमेंट. तो एका वेळी एकच दात सोडतो. आपल्याला ऐकू येते ती टिकटिक म्हणजे त्या कॅशियरने टोकन पुकारल्याचा आवाज. आणि त्या कॅशियरला किती वेगाने काम करायचं ते सांगणारा मॅनेजर म्हणजे बॅलन्स, हे केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारं चाक. ती हेअरस्प्रिंग १६७५ मध्ये हॉलंडच्या ह्युजेन्स या शास्त्रज्ञाने खिशातल्या घड्याळात आणली. त्याच्या आधी घड्याळं दिवसाला अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होत. तिच्यानंतर मिनिटांचा हिशोब सुरू झाला.

साधारण खिशातल्या घड्याळाचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो. म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००, आणि वर्षाला पंधरा कोटी शहात्तर लाख ऐंशी हजार. हे सगळं ज्या टोकांवर चालतं, ती बॅलन्सची टोकं मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढी, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी जाड. आपल्या लिफ्टची मोटर याच्या पासंगाला पुरत नाही, आणि तिची वार्षिक देखभाल आपण न चुकता करतो!

त्या टोकांखाली घासू नये म्हणून माणकाचे खडे बसवलेले असतात. डायलवर ‘१५ ज्वेल्स’ लिहिलेलं पाहून पुष्कळ लोक हरखतात. हे खडे मौल्यवान नसतात. १९०२ मध्ये फ्रान्सच्या व्हर्नॉय यांनी कृत्रिम माणिक बनवायची रीत प्रसिद्ध केल्यानंतर तर ते फारच स्वस्त झाले. माणिक वापरायचं कारण ते कठीण, गुळगुळीत आणि लवकर न झिजणारं असतं. तेव्हा खडे काढून अंगठी करण्याचा विचार कोणी करत असेल तर सोडून द्यावा.

आता तुमच्या हातात घड्याळ आहे असं समजा. ते ओळखायचं कसं? डायलवर झाकण नसेल तर ‘ओपन फेस’. डायलवर धातूचं झाकण असेल आणि बटण दाबल्यावर उघडत असेल तर ‘हंटर’. शिकारीला जाणाऱ्यांची काच फुटू नये म्हणून ते झाकण, असं म्हणतात. हंटर बंद करताना झाकण खटकन दाबू नये. बटण दाबून धरावं, झाकण टेकवावं आणि मग बटण सोडावं. नाहीतर खाच झिजते आणि झाकण बसत नाही. अशी कितीतरी घड्याळं मी पाहिली आहेत.

मागचं झाकण उघडल्यावर काही घड्याळांत आणखी एक आतलं झाकण असतं. त्यावर फ्रेंच भाषेत काहीबाही कोरलेलं असतं, आणि घरच्यांना वाटतं ते कंपनीचं नाव. बहुतेक वेळा ते वर्णन असतं. ‘आंक्र’ म्हणजे लिव्हर पद्धतीचं यंत्र, ‘रुबी’ म्हणजे माणकाचे खडे, ‘स्पिराल ब्रेगे’ म्हणजे ब्रेगे या थोर घड्याळजीच्या पद्धतीने वळवलेली हेअरस्प्रिंग. अमेरिकन घड्याळ असेल, म्हणजे वॉल्थम, एल्जिन वगैरे, तर यंत्रावर अनुक्रमांक असतो. या कंपन्यांच्या अनुक्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत. आपल्या नातवंडांना सांगा, ती मोबाइलवर दोन मिनिटांत साल काढून देतील. क्रमांक यंत्रावरचा बघायचा, केसवरचा नाही. केस बनवणारे बहुधा वेगळे असत.

आणि सोनं? इथे जरा सावध राहा. अमेरिकन केसवर ‘गॅरंटीड २० इयर्स’ असं लिहिलं असेल, तर ते घड्याळाच्या चालण्याची हमी देत नाही. ते सोन्याचा पातळ पत्रा बसवलेलं, ‘गोल्ड फिल्ड’ केस आहे आणि तो पत्रा वीस वर्षं झिजणार नाही, अशी ती हमी. आत पितळ. चांदीच्या स्विस केसवर ‘०.८००’ किंवा ‘०.९३५’ असे आकडे असतात, इंग्रजी चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा छाप. केस खरोखर सोन्याचं असेल तरी वितळवण्यापूर्वी विचार करा. वितळवल्यावर घडणावळ जाते, नाव जातं आणि यंत्राला घर उरत नाही. बाजारात केस नसलेली उघडी यंत्रं विकायला आलेली दिसतात, ती अशाच घरांतून आलेली असतात.

आता बंद पडलेल्या घड्याळाकडे वळू. ‘जास्त चावी दिली म्हणून बिघडलं’ हे वाक्य मला प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. चांगल्या घड्याळात कमान पूर्ण भरली की चावी थांबते. पूर्ण भरून घड्याळ उभं राहिलं असेल तर दोष बहुधा चावीचा नसतो, जुन्या तेलाचा असतो. घड्याळाचं तेल काही वर्षांनी घट्ट होतं, धुळीत मिसळतं आणि त्याचा खळ होतो. चाकं अडकतात. म्हणजे ठेव भरलेली आहे, पण कॅशियरच्या खिडकीला कोणी डिंक लावला आहे. माझ्याकडे आलेल्या घड्याळांपैकी बरीच मोडलेली नव्हती, फक्त मळलेली होती.

दुरुस्तीचं काम ठरावीक क्रमाने होतं. आधी कमानीतला ताण हळूहळू उतरवायचा. तो न उतरवता चाकं सोडवली तर दात तुटतात. मग काटे, डायल, बॅलन्स, चाकं, या क्रमाने सगळं सुटं करायचं. कुठला स्क्रू कुठला ते डब्यांत वेगळं ठेवायचं. मी वहीत आकृती काढतो, आजची मुलं मोबाइलवर फोटो काढतात, आणि त्यांची रीत चांगली आहे. मग धुणं. जुने घड्याळजी पेट्रोलमध्ये ब्रशने धूत, आता त्यासाठी वेगळी द्रावणं आणि ध्वनिलहरींची यंत्रं मिळतात. खड्यांची भोकं लाकडी काडीचं टोक करून साफ करायची. टोकं झिजली आहेत का ते भिंगाखाली तपासायचं. मग उलट क्रमाने जोडणी आणि तेल. तेल म्हणजे थेंबही नाही, सुईच्या टोकावर येईल त्याचाही अंश. तोही ठरलेल्या जागीच. हेअरस्प्रिंगला तेलाचा स्पर्शही होता कामा नये. ती चिकटली की घड्याळ तासाला कितीतरी मिनिटं पुढे धावतं. घड्याळ अचानक असं पुढे पळायला लागलं तर दुसरा संशय चुंबकाचा. होकायंत्र जवळ धरून बॅलन्स झुलू द्यावा, सुई थरथरली तर घड्याळाला चुंबक लागलं आहे असं समजावं. उपाय सोपा आणि स्वस्त असतो.

इथपर्यंत झाली दुरुस्ती. पण खरा प्रश्न आहे, दुरुस्त करावं किती? त्याबद्दल मी आपल्याच सोसायटीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांच्या परवानगीने एवढंच सांगतो.

या आजींचे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांचं घड्याळ आजींकडे आलं, कारण भावांपैकी कोणाला नको होतं. वडील गेल्यापासून ते बंदच. मुलांनी आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला ते चालू करून द्यायचं ठरवलं आणि माझ्याकडे आणलं. म्हणाले, ‘काका, अगदी नवंकोरं करून द्या. डायलवर चरे आहेत, ते रंगवून घ्या. केसला पॉलिश मारा. खर्चाची काळजी करू नका.’ भावना चांगली होती. मी यंत्र उघडलं. तेल सुकलेलं होतं, एक स्क्रू हरवलेला, कमान मात्र शाबूत. यंत्राचं काम करता येण्यासारखं होतं. डायल आणि केस याबद्दल मात्र मी म्हटलं, आधी आईंना विचारा.

आजींनी घड्याळ हातात घेतलं. पाठीवरची नक्षी एका बाजूला पूर्ण गुळगुळीत झाली होती. त्या म्हणाल्या, ‘ही अण्णांच्या अंगठ्याची जागा. गाडी सोडायच्या आधी ते घड्याळ असं धरायचे.’ आणि त्यांनी धरून दाखवलं. डायलचा चरा, म्हणजे इनॅमलची बारीक तड, तिच्याबद्दल त्या म्हणाल्या, ‘ती मला आठवतच नाही, म्हणजे माझ्या जन्माआधीची असेल. तिला कशाला हात लावता?’ मुलगा म्हणाला, ‘अगं, पण जुनाट दिसतं.’ आजी म्हणाल्या, ‘मीही दिसते.’

त्या घरात दोन दिवस यावर चर्चा झाली, जराशी नाराजीही झाली. मुलाला आईला काहीतरी सुंदर द्यायचं होतं आणि आईला होतं तेच हवं होतं. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी यंत्र स्वच्छ झालं, स्क्रू बदलला, काच नवी बसवली कारण जुनी पिवळी पडून वेळ दिसत नव्हती. केस फक्त मऊ कापडाने पुसली. डायल जशी होती तशीच. घड्याळ दिवसाला दीड-दोन मिनिटं मागे पडतं. रेल्वेच्या परीक्षेत ते नापास होईल. पण आजी रोज सकाळी देवपूजेनंतर त्याला चावी देतात, आणि आता मुलगाही कानाला लावून ऐकतो, असं सूनबाईंनी मला लिफ्टमध्ये सांगितलं.

यातून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. यंत्राला जे चालायला हवं ते करावं, रूपाला जे टिकायला हवं तेवढंच करावं. झीज आणि घाण यांत फरक आहे. घाण काढावी, झीज ठेवावी. पॉलिशने चकाकी येते, पण प्रत्येक वेळी धातूचा थर जातो आणि नक्षी, छाप, कोरलेली नावं कायमची पुसली जातात. रंगवलेली डायल लांबून छान दिसते, पण जाणकार तिच्याकडे बघून घड्याळाची किंमत निम्म्यावर आणतो. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, मोडका का असेना, पुडीत बांधून घड्याळाबरोबर ठेवावा. सोसायटीची जुनी कागदपत्रं आपण ऑडिटसाठी ठेवतो ना, तसंच.

बाजारातून जुनं घड्याळ विकत घेणाऱ्यांसाठी एक इशारा. एकाचं यंत्र, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे आणि ताजी रंगवलेली डायल, असं जुळवलेलं घड्याळ सर्रास मिळतं. ते चालत असेल, आवडलं असेल तर जरूर घ्या, पण जुळवलेल्या घड्याळाचे पैसे द्या, अस्सलचे नाही. डायलवरची अक्षरं फार ठळक, फार पांढरीशुभ्र आणि किंचित वाकडी दिसली तर शंका घ्यावी. विक्रेता मागचं झाकण उघडून दाखवत नसेल तर नमस्कार करून पुढे जावं.

आता घरी काय करू नये, ते भराभर सांगतो.

वर्षानुवर्षं बंद असलेलं घड्याळ हातात आलं की लगेच चावी देऊन चालवू नका. सुकलेल्या तेलावर चाललं तर टोकं झिजतात. चावी अडली तर जोर करू नका. मागचं झाकण भाजीच्या सुरीने उघडू नका, काही झाकणं दाबून बसवलेली असतात, काही आट्यांची असतात, काही बिजागरीची. आधी बघा, मग हात लावा. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल सोडू नका. केस चिंचेने, रांगोळीने किंवा भांड्यांच्या पावडरने घासू नका. काटे लावताना घुंडी ओढली जात नसेल तर शेजारी छोटी खुंटी आहे का ते बघा, काही घड्याळांत ती नखाने दाबून काटे फिरवायचे असतात, आणि काही रेल्वेच्या घड्याळांत काच काढून आतला लिव्हर ओढावा लागतो.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा घड्याळाची शत्रू. औषधाच्या बाटलीत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून न देता घड्याळाच्या डबीत ठेवा. स्पीकर आणि मोबाइलच्या चुंबकी कव्हरपासून घड्याळ लांब ठेवा. आणि महत्त्वाचं, आकडे किंवा काटे अंधारात चमकणारे असतील, हिरवट-तपकिरी रंग खपल्यांसारखा निघत असेल, तर त्यात रेडियम असू शकतं. अंधारात चमकणं बंद झालं तरी रेडियम संपत नाही. असं घड्याळ उघडू नका, खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

चालू घड्याळाला रोज ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी, चावी द्या. दिवसा खिशात ते उभं असतं, रात्रीही स्टँडवर उभंच ठेवलं तर वेळ जास्त सारखी राहते. आडवं आणि उभं यात प्रत्येक घड्याळाची चाल थोडी बदलते. याच दुखण्यावर ब्रेगेने १८०१ मध्ये ‘टूर्बियाँ’ या यंत्रणेचं पेटंट घेतलं. आज तीच यंत्रणा लाखो रुपयांच्या मनगटी घड्याळांत मिरवली जाते. चार-पाच वर्षांतून एकदा घड्याळ उघडून स्वच्छ करावं.

पैशांबद्दल स्पष्ट बोलतो, कारण बँकेच्या माणसाकडून तशी अपेक्षा असते. पाटेक फिलिप कंपनीने हेन्री ग्रेव्ह्ज या अमेरिकन धनिकासाठी केलेलं एक खिशातलं घड्याळ २०१४ मध्ये जिनिव्हाला सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलरला विकलं गेलं. अशी बातमी वाचली की मला दोन-तीन फोन येतात. तुमच्या-माझ्या कपाटातलं घड्याळ तसं नसतं. साध्या घड्याळाच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या बाजारभावापेक्षा जास्तही होऊ शकतो. गुंतवणूक म्हणून हा व्यवहार मी मंजूर करणार नाही. पण घरातल्या कुठल्या गोष्टी आपण गुंतवणूक म्हणून करतो?

शेवटचा मुद्दा. जुन्या घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आत भिंगातून पाहिलं तर टोकदार सुईने ओरखडलेली बारीक अक्षरं दिसतात. एखादी तारीख, एखादा आकडा, एखादी सही. ज्या घड्याळजीने ते साफ केलं, त्याची ती नोंद. त्याचं खातेपुस्तकच म्हणा. आजींच्या त्या घड्याळात अशा पाच नोंदी निघाल्या. पाच वेळा कोणीतरी मान खाली घालून, डोळ्याला भिंग लावून ते पुन्हा चालू केलं होतं. त्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत. आपण घड्याळ आजोबांचं म्हणतो, पण आजोबांपासून आपल्यापर्यंत ते या माणसांनी पोचवलं.

१९६९ च्या नाताळात जपानच्या सायकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावणारा स्फटिक आला आणि पाच ठोके देणारं चाक मागे पडलं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, वेळ स्वस्त आणि अचूक झाली. पण तेव्हापासून स्टेशनबाहेरच्या, बाजारपेठेतल्या घड्याळजींच्या काचेच्या पेट्या एकेक करून बंद होत गेल्या. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. आता तिथे सेल बदलून मिळतात. यंत्र उघडणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो सापडला तर बहुधा माझ्याच वयाचा असतो.

माझा हातही आता पूर्वीसारखा स्थिर राहत नाही. साफसफाई जमते, जोडणी बरीचशी जमते, पण बॅलन्स जागेवर बसवताना श्वास रोखून धरावा लागतो, आणि या वयात तो किती वेळ रोखायचा! म्हणून व्यवस्थापक समितीला मी विनंती केली होती आणि ती त्यांनी मान्य केली आहे. दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा मी सोसायटीच्या कार्यालयात बसेन. आपापली जुनी घड्याळं घेऊन या. ती कुठली, केव्हाची, काय करण्यासारखी आहेत, ते आपण मिळून बघू आणि एका रजिस्टरमध्ये नोंदवू. शुल्क नाही, आणि घड्याळ कार्यालयात ठेवून जायचं नाही, ते ज्याचं त्याने घरी न्यायचं.

आणि मला दोन-तीन विद्यार्थी हवेत. वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. हात स्थिर हवा आणि हरवलेला स्क्रू जमिनीवर तासभर शोधायची तयारी हवी. माझी हत्यारं, भिंगं, चिमटे आणि सुट्या भागांच्या डब्या त्यांना वापरायला मिळतील, आणि पुढे ज्याला खरीखुरी गोडी लागेल त्याच्याकडेच त्या राहतील. सतरंजीवरच्या मंडळींपैकी कोणाच्या घरी रिमोट उघडून बघितल्याबद्दल ओरडा बसला असेल, तर त्याने किंवा तिने मला अवश्य भेटावं.

माझी पंचवीस मिनिटं झाली. घड्याळ बघून सांगतो आहे, आणि ते आजच सकाळी लावलेलं आहे. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा. रविवारी भेटू, दहा वाजता. बॉम्बे टाइम नाही, स्टँडर्ड टाइम.